सिंहगडावरची हवा बाटलीत!

हवा बाटलीत भरायची आणि प्रयोगशाळेत न्यायची! ऐकलंय कधी असं? आपल्या सिंहगडावर खरंच हे झालंय बरं का!

पण आधी शिर्डीला चला. साई प्रसादालयात ७३ मोठ्ठ्या, चकाकत्या तबकड्या आहेत. २००९ पासून त्या ऊन गोळा करतात. त्या उन्हाने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजतं. गॅस वाचतो!

गॅस, कोळसा, पेट्रोल, काहीही जाळलं की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. तो दिसत नाही. त्याला वासही नाही. मग तो वाढला हे कळणार कसं? मोजूनच!

समजा, प्रसादालयातल्या तांदळाचे १० लाख दाणे म्हणजे कोरडी हवा. त्यात कार्बन डायऑक्साइडचे दाणे किती? ओळखा पाहू! लाखभर? छे! जेमतेम सव्वाचारशे!

एवढेसे, पण करामत केवढी! उन्हाने तापलेली जमीन उष्णता वर सोडते. हे दाणे ती वाटेतच अडवतात आणि थोडी खाली परत पाठवतात. ते मुळीच नसते, तर पृथ्वी गारठली असती. पण ते वाढले की ती जास्त तापते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हे दाणे होते ३१५ च्या आसपास. आणि तापमान? २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं २०२४ पर्यंतच्या नोंदींतली सर्वांत उष्ण!

आता गडावर! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हेच दाणे मोजण्यासाठी २००९ मध्येच इथे काचेच्या बाटल्यांत हवा भरायला सुरुवात केली. गडावरच का? तिथे शहराचा धूर कमी आणि वारा मोकळा! गोव्यातल्या काबो द राम इथे तर हे १९९३ पासूनच सुरू झालं होतं. तिथल्या बाटल्या तपासायला कुठे जायच्या माहितीये? थेट ऑस्ट्रेलियाला! आपली हवा परदेशी फिरून आली की!

बाटली भरताना मात्र जपावं लागतं. आपण सोडलेल्या श्वासात हे दाणे असतात तब्बल ४० हजारांच्या घरात! बाटलीच्या तोंडाशी कुणी नुसतं 'हुश्श' केलं, तरी सगळी मोजणी बिघडली!

आणि गंमत म्हणजे या मोजणीच्या आकड्यांत पाऊससुद्धा दिसतो! पावसाळ्यात समुद्रावरून स्वच्छ वारा येतो. सह्याद्रीतलं रान तरारतं, पानं हा वायू शोषून घेतात आणि आकडा उतरतो. उन्हाळ्यात पुन्हा चढतो. खाली, वर, खाली, वर!

पण उतरताना तो आदल्या वर्षीइतका खाली येतच नाही. जगभरची सरासरी काढली, तर दर वर्षी १० लाखांत दोन-अडीच दाणे जास्तच उरतात.