कातडीतले पहारेकरी

राजगडाच्या चोरदरवाजाची वाट गुंजवण्यातून वर चढते. गडावर येणाऱ्या तरुणांत दंडावर शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा गोंदवण्याची मोठी हौस. १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेतून निसटलेले महाराज परतले ते याच गडावर. जगभर सुटका गोंदवायची म्हटली की तुटकी साखळी येते, नाहीतर उघड्या पिंजऱ्यातून उडालेला पक्षी. राजमुद्रेत बेडी नाही, पिंजरा नाही. तिच्यावरच्या अक्षरांत प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखं वाढत जाणं आहे. मला ही कल्पना फार मोठी वाटते. तिच्यातलं स्वातंत्र्य तुरुंगाचा उल्लेखही न करता उभं राहतं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांवर तुळस, चंद्रसूर्य, विंचू, नाहीतर नुसते ठिपके असत. सुयांचा जुडगा आणि काजळी, एवढ्यावर ते काम होई. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी श्रद्धा. घरातला डाग सावकाराकडे गहाण पडला तरी गोंदणाला कोणी हात लावू शकत नसे. बाईचं एवढं स्वतःचं दुसरं काय होतं?

त्याच सुईने माणूस बांधलाही गेला. कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायचा कायदा केला. तो १८४९ पर्यंत टिकला. कैदी पागोटं भुवयांपर्यंत ओढून ती अक्षरं झाकत.

पण सर्वांत अद्भुत कैद कातडीच्या आत घडते. वरची त्वचा महिन्याभरात झडून नवी येते. शाई मात्र तिच्याखालच्या थरात उतरलेली असते. तिथल्या भक्षक पेशी तिला परका कण समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग शाई पेशीच्या पोटात अडकून पडते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवं गोंदण केलं आणि या पेशी मुद्दाम मारल्या. गोंदण जसंच्या तसं राहिलं! पेशी मेली की शाई मोकळी होते आणि शेजारी आलेली नवी पेशी तिला लगेच गिळते. गोंदलेली कातडी दुसऱ्या उंदरावर लावली, तर काही आठवड्यांनी त्या उंदराच्या पेशींनी शाईचा ताबा घेतलेला होता. म्हणजे दंडावरची मुद्रा स्थिर दिसते ती पहारे सतत बदलत असल्यामुळे.

लेझरने गोंदण काढताना या कणांचे बारीक तुकडे होतात आणि लसिकेच्या प्रवाहात वाहून जातात. म्हणूनच लेझरच्या वेळीच पहारेकरी पेशीही काही काळ हटवल्या, तर गोंदण लवकर पुसलं जाईल, असं त्या शास्त्रज्ञांनी सुचवलं. निसटलेले काही कण काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचतात आणि तिथल्या भक्षक पेशी त्यांना पुन्हा धरून ठेवतात.