सुरुवात पापणीपासून

सकाळी ७.१५

लावणीचे दिवस आहेत. रात्रभर पावसाची झड होती. छत्री मिटून पायऱ्या चढत होते, तोच अपघात विभागातून सिस्टरची हाक आली, "मॅडम, जरा ह्या पोराचे डोळे बघता का? उघडतच नाहीत म्हणतोय."

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. गावातले लोक 'चष्म्याच्या मॅडम' म्हणतात. चष्म्याचे नंबर काढण्यात दिवसाचा बराच वेळ जातो हे खरं, पण मी टॉर्च लावते ती आधी पापणीवर. बुबुळ नंतर.

मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. पहाटेपासून पोटात दुखत होतं, एक उलटी झाली, घरच्यांनी अपचन समजून ओवा चावायला दिला. दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. "वर बघ रे," म्हटलं, तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि मानच मागे टाकली. पापण्या जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांत लाली नव्हती, सूज नव्हती, चिपडं नव्हती.

"रात्री झोपला होतास कुठे?"

"खालीच. पडवीत." शब्द जड येत होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मण्यार. तिचे दात इतके बारीक की चावल्याची खूण कित्येकदा सापडत नाही. जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप हे विष तोडतं. बहुधा पहिल्यांदा पापण्या पडतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. सर्पविषाची लस लगेच सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर तीच एक लस चालते. पण श्वास अडखळला तर व्हेंटिलेटर लागणार आणि तो जिल्ह्याला. १०८ला फोन झाला. सोबत डॉक्टर स्वतः गेले, हवेचा फुगा हातात धरून.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी पडलेल्या दिसल्या, तर ओवा नको, मांत्रिक नको, आधी दवाखाना. हे मी प्रत्येक आशाताईला सांगत आले आहे.

सकाळी ८.३०

ओपीडी. १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपर मोफत झाला आणि बायाबापड्यांची रांग वाढली. हे चांगलं झालं. पूर्वी 'डोळ्याचं काय एवढं' म्हणून घरीच बसायच्या.

पहिली आली ती कॉलेजातली मुलगी, वरच्या पापणीच्या काठावर रांजणवाडी घेऊन. आजीने लवंग उगाळून लावली होती. रांजणवाडी तशीच आणि वर कातडी भाजलेली. केसाच्या मुळाशी जंतू शिरले की ही पुळी होते. पिकते, फुटते, बहुतेक वेळा आठवड्याभरात आपसूक बरी होते. चुलीवर पाणी तापव, हाताला सोसेल इतकं कोमट झालं की धुतलेलं सुती फडकं बुडवून पीळ आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं धर, दिवसातून चार वेळा. फोडायची नाही, दाबायची नाही. काजळ बंद, कारण बोट त्याच डबीत पुन्हा जातं. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासायला पाठवते. एवढ्यावरच मधुमेह सापडलेले लोक मी पाहिलेत.

पुढचे एक काका, साठीचे, मासेमारी करणारे. पापणीत वाटाण्याएवढी गाठ, दुखत नाही. अशी गाठ सहसा साधी असते. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजतं, तेल आत साठतं. महिनाभर शेकून जिरली नाही, तर सर्जन आतल्या बाजूने छोटा छेद देऊन ती रिकामी करतात. पण काकांची त्याच जागी तिसऱ्यांदा आली होती आणि तिथले पापणीचे केस झडले होते. दोन ठिकाणी कापून घेतली, काढलेला तुकडा तपासायला एकाही ठिकाणी पाठवला नव्हता. याचा मला राग येतो. त्याच ग्रंथीचा कर्करोग अशाच साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो. काकांना घाबरवलं नाही. पण चिठ्ठीवर 'तुकडा तपासणी आवश्यक' लिहून खाली रेघ मारली.

सकाळी १०.४५

आजी आल्या. दर पाच-सहा आठवड्यांनी येतात. वरची पापणी उलटवली की आत पांढऱ्या रेघा दिसतात, लहानपणीच्या खुपऱ्यांचे व्रण. व्रण आकसले, पापणी आत वळली आणि केस बुबुळावर घासू लागले. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत खुपरीमुक्त झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ती उरली नाही. बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. आजींच्या पापणीतल्या रेघा मात्र त्याआधीच्या.

"सुनेनं काढले दोन केस, तिच्या भुवयांच्या चिमट्यानं," आजी म्हणाल्या. तिथेच घोटाळा झाला होता. केस मुळापासून निघाले नव्हते, मधेच तुटले होते आणि ती खुंटं जास्त टोचत होती. हनुवटी टेकवून घेतली, भिंगातून एकेक केस मुळाशी धरून काढला. नऊ निघाले. बुबुळावर हिरवा रंग घालून पाहिलं, एक ओरखडा होता. जखम होऊन बुबुळावर फूल पडलं, तर ही नजर परत यायची नाही.

"आजी, ऑपरेशन करून घ्या हो. पापणी बाहेर वळवून देतात, पुन्हा हे नको."

"लावणी होऊ दे, बाय."

मागच्या वर्षी गणपती होऊ दे म्हणाल्या होत्या. मी सुनेचा नंबर वहीत लिहून घेतला.

दुपारी १२.००

मोतीबिंदूची यादी. उद्या गाडी जिल्हा रुग्णालयात जाईल. बारा जणांपैकी एका मामांच्या पापण्यांच्या मुळाशी कोंडा, काठ लाल. नाव मागे घेतलं. मामा चिडले, "पापणीचा नि मोतीबिंदूचा काय संबंध?" संबंध आहे. काठावरचे जंतू ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या आत गेले, तर डोळाच जाऊ शकतो. रोज शेक, मग ओल्या कापसाने काठ पुसणं, डॉक्टरांनी लिहिलेलं मलम. बरे झाले की पुढच्या गाडीला.

दुपारी २.३०

शाळा-अंगणवाडी तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने एक चार वर्षांची पोर पाठवली. डावी पापणी जन्मापासून खाली. "बापावर गेलीय, झोपाळू डोळा," आई कौतुकाने म्हणाली. चित्र दाखवलं, तर मुलीने हनुवटी वर उचलली. उजवा डोळा झाकल्याबरोबर रडायला लागली. पापणीने बाहुली झाकली की मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही आणि हे शिकायचं वय थोडंच असतं. मोठेपणी पापणी उचलली, तर चेहरा सुधारतो, नजर येत नाही. आईला समोर बसवून हे तीनदा सांगितलं. सोमवारी जिल्ह्याला जायचं ठरलं. वडिलांनाही बोलावलंय, त्यांचा डोळा आता उशिराच तपासला जाईल, पण तपासू.

संध्याकाळी ५.५०

ओपीडी आवरताना सिस्टरने जिल्हा रुग्णालयात फोन लावला. मुलगा दुपारपासून व्हेंटिलेटरवर आहे. पापण्या पूर्ण मिटल्यात, हात-पाय ढिले. पण नर्सने कानाशी जाऊन नाव घेतलं, तेव्हा त्याने पायाचं बोट हलवलं. सगळं ऐकू येतंय त्याला.

मी फोन मागून घेतला. डोळ्यांत मलम घालून चिकटपट्टी लावलीय का, एवढंच विचारलं. पापण्यांची उघडझाप बंद पडली की बुबुळ कोरडं पडतं.

"लावलीय," पलीकडून उत्तर आलं.