चौकटीत न मावलेला मजकूर

इनडिझाइन या पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ‘टेक्स्ट फ्रेम’ नावाच्या चौकटीत ओतला जातो, आणि तो मावेनासा झाला की चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ लाल अधिकचिन्ह दिसते. उरलेला मजकूर नष्ट होत नाही, पण छापलाही जात नाही.

त्या चिन्हावर क्लिक करून पुढच्या रिकाम्या चौकटीवर क्लिक केल्यास दोन्ही चौकटी जोडल्या जातात, ज्याला ‘थ्रेडिंग’ म्हणतात, आणि मग पहिल्या चौकटीतला परिच्छेद वगळला तरी पुढचा मजकूर आपोआप मागे सरकतो.

मराठीसाठी मात्र परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’, म्हणजे भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट जुळवणारी ओळरचना, लावणे अत्यावश्यक आहे. अन्यथा युनिकोड मजकुरात ‘स्थिती’मधली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडते आणि मुद्रितशोधकाची सगळी मेहनत वाया जाते.