अर्जंट केअर की इमर्जन्सी रूम?

छातीत जळजळ सुरू झाली की मराठी घरातले पहिले निदान ठरलेले असते : पित्त. थंड दूध घेऊन सकाळची वाट पाहिली जाते. अमेरिकेत त्यात बिलाची धास्तीही मिसळते.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात आढळतो. छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी वेदना, थंड घाम, धाप यांपैकी काही जाणवल्यास ९११ लाच फोन करावा. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्या बाबतीत छाती न दुखता नुसती मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाणे धोक्याचे. पॅरामेडिक वाटेतच ईसीजी काढून रुग्णालयाला सावध करू शकतात आणि हृदय थांबल्यास शॉक देऊ शकतात. घरच्या गाडीत यांपैकी काहीच नसते.

पक्षाघातात चेहरा एका बाजूस झुकतो, हात उचलून धरता येत नाही, शब्द अडखळतात. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. लक्षणे ओसरली तरीही जावे. घरी अॅस्पिरिन मात्र देऊ नये. मेंदूत रक्तस्राव असल्यास ती घातक ठरते.

मुरगळलेला घोटा, कानदुखी, लघवीची जळजळ, लहानशी जखम यांसाठी अर्जंट केअर पुरेसे. तेथे सहसा सीटी स्कॅन नसतो, त्यामुळे गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्यात वेळ जातो.

पैशांविषयी. १९८६ च्या 'एम्टाला' कायद्यानुसार मेडिकेअर स्वीकारणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाने विमा असो वा नसो, तपासणी करून प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. बिल मात्र येतेच. २०२२ पासून नेटवर्कबाहेरील आपत्कालीन उपचारांच्या अवाच्या सवा बिलांपासून विमाधारकांना संरक्षण मिळाले, पण रस्त्यावरील रुग्णवाहिका त्यातून वगळली आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या प्रवास विम्यालाही त्याचा आधार नाही. त्यांच्या पॉलिसीतील पूर्वीच्या आजारांविषयीचे कलम त्यांचे विमान सुटण्यापूर्वीच वाचलेले बरे.

त्यांच्या औषधांची यादीही मूळ रासायनिक नावांनी करून ठेवावी. 'इकोस्प्रिन' म्हणजे अॅस्पिरिन, हे इथल्या डॉक्टरांना ठाऊक असेलच असे नाही.