साथकाळातील पोलीस कारभारावरील स्थानिक देखरेख

रोगाच्या साथीच्या काळात पोलिसांना व फौजदारी न्याययंत्रणेला जे वाढीव अधिकार मिळतात, त्यांचा वापर योग्य रीतीने होतो किंवा नाही, हे त्या त्या गावातील वा जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी, दंडाधिकाऱ्यांनी किंवा स्वतंत्र मंडळाने तपासण्याची व्यवस्था. परक्याच्या घरात शिरणे, वाट अडविणे, माणसाला कुटुंबापासून दूर ठेवणे किंवा दुकान बंद करावयास लावणे, ही कृत्ये एरव्ही ठरावीक कारणांसाठी आणि कायद्याच्या मर्यादेतच करता येतात. साथीच्या काळात मात्र ती एखाद्या सर्वसाधारण आज्ञेच्या आधारे सरसकट केली जातात. विधिमंडळे व न्यायालये यांचे काम अशा वेळी मंदावलेले असते. धोरण राजधानीत ठरले, तरी त्याची अंमलबजावणी उंबरठ्यावर होते. त्यामुळे तेथे काय घडले याची शहानिशा करू शकणारी यंत्रणाही जवळचीच असावी लागते.

भारतात या प्रश्नाला प्रथम स्पष्ट रूप आले, ते १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम (१८९७ चा ३ रा) संमत झाला. त्यात अवघी चार कलमे होती. दुसऱ्या कलमाने सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. तिसऱ्याने नियमभंग हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील अपराध ठरविला. आणि चौथ्याने या कायद्यानुसार सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा वा खटला चालणार नाही, असे संरक्षण दिले. अधिकार, शिक्षा व संरक्षण या तिन्ही गोष्टींची तरतूद करणाऱ्या या कायद्यात तक्रार कोणाकडे करावी, यासंबंधी एक शब्दही नव्हता. ही उणीव पुण्यात फार महाग पडली.

मुंबईची स्थिती थोडी वेगळी होती. तेथील पहिला रोगी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ज्यांनी ओळखला, ते डॉ. आकासिओ व्हिएगस स्वतःच महानगरपालिकेचे सभासद होते. महापालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबर रोजी १८८८ च्या महापालिका कायद्यान्वये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याची आज्ञा काढली. तीविरुद्ध शहरात असंतोष माजला आणि २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर आज्ञेची अंमलबजावणी सौम्य करावी लागली. लोकांचे म्हणणे अखेर दंगलीच्या मार्गानेच पोहोचले, हे खरे. परंतु ते ऐकून घेणारी नगरसंस्था तेथे निदान अस्तित्वात होती आणि आयुक्ताला तिच्यासमोर यावे लागत होते.

पुण्यात नगरपालिका होती, पण प्लेगनिवारणाच्या कामात तिला बाजूला सारण्यात आले. हे काम वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीकडे सोपविण्यात आले. समितीने घरोघरच्या तपासणीसाठी पोलिसांऐवजी लष्कराची पथके वापरली. १३ मार्च १८९७ रोजी सुरू झालेली ही तपासणी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. पथके घरात शिरत, माणसांना तपासण्यासाठी बाहेर काढीत, संशयितांना रुग्णालयात व त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवीत, सामानाची जाळपोळ करीत. सोवळ्याचा भंग, देवघरांची विटंबना, चोरी आणि स्त्रियांशी असभ्य वर्तन यांविषयी तक्रारी होऊ लागल्या. पथकांबरोबर स्थानिक गृहस्थ देण्याची पद्धत होती. तथापि अशा गृहस्थाला पथक थांबविण्याचा अधिकार नव्हता. त्याने पाहिले आणि कळविले, तरी कळवावयाचे ते समितीलाच.

येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या समितीच्या माणसांविरुद्ध आरोप होते, तीच समिती आरोपांची चौकशी करीत असे. स्त्रियांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची कोणतीही विश्वासार्ह तक्रार आली नाही, अशी समाधानाची नोंद समितीच्या अहवालात आहे. उलट पक्षी पंडिता रमाबाई यांनी मे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी वृत्तपत्रातून गंभीर आक्षेप घेतला होता. या दोहोंपैकी खरे काय, हे ठरविणारा तिसरा पक्ष अस्तित्वातच नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रात मांडला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा पत्रलेखक पुढे येईनात. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून आरोप खोटे होते असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो बरोबर नाही. साक्षीदाराला अभय देऊन त्याची जबानी नोंदविणारी व्यवस्था नसेल, तर खरा आणि खोटा आरोप सारखेच अप्रमाणित राहतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तक्रार करणेही सुरक्षित नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच, तर रँड ३ जुलै रोजी मरण पावला. त्यानंतर पुण्यावर शिक्षा म्हणून जादा पोलीस बसविण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या नियमान्वये विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले व १८९९ पर्यंत त्यांची सुटका झाली नाही. त्यांपैकी तात्यासाहेब नातू यांनी तपासणी पथकांच्या वर्तनाविषयी समितीकडे तक्रारी केल्या होत्या. केसरीतील लेखनावरून लोकमान्य टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. ते मुंबई कायदे कौन्सिलाचे निर्वाचित सभासद होते. पुढे मुंबईतही मार्च १८९८ मध्ये दंगल झाली. त्यानंतर मात्र सरकारने सक्ती हळूहळू कमी केली आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांचे साहाय्य घेण्यास आरंभ केला.

देखरेखीची रीतसर बांधणी अलीकडच्या काळात इंग्लंड व वेल्स येथे आढळते. २०११ च्या कायद्याने तेथील बहुतेक पोलीस क्षेत्रांत लोकनिर्वाचित पोलीस आयुक्त आले. पोलीस दलाचा प्रमुख या आयुक्ताला आणि आयुक्त स्थानिक नगरसेवकांच्या मंडळाला जबाबदार, अशी ही साखळी आहे. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे संचारनिर्बंध लागू झाले, तेव्हा तिच्यावर ताण पडला. मे २०२० च्या आयुक्त-निवडणुका एक वर्ष पुढे गेल्या. म्हणजे अधिकार सर्वांत व्यापक झाले नेमक्या त्याच वेळी मतदाराचा अंकुश सैल झाला. मंडळांना दूरदृश्य सभा घेण्याची परवानगी एप्रिल २०२० पासून मिळाली, हे योग्यच झाले. समजावणे, प्रोत्साहन देणे व शेवटी दंड करणे असे पोलिसांचे घोषित धोरण होते. पण डर्बीशर पोलिसांनी डोंगरात फिरावयास गेलेल्यांचे ड्रोनने चित्रण करून ते प्रसिद्ध केले, तेव्हा कायदा आणि सरकारी सल्ला यांतील भेद पोलिसांनाच उमगला नसल्याची टीका झाली. अभियोग विभागाने कोरोनाव्हायरस अधिनियमाखालील खटले तपासून पाहिले असता ते सर्वच चुकीच्या आधारावर भरलेले आढळले. ही तपासणी स्थानिक नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मंडळाचा अधिकार आयुक्तापुरता आणि मुख्यतः सल्ल्याचा असल्याने एकेका दंडाची छाननी त्याच्या आवाक्याबाहेर होती. हे आयुक्तपद २०२८ मध्ये रद्द करण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

भारतात २०२० च्या साथीत १८९७ चाच कायदा पुन्हा वापरात आला. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये त्याखाली नियम केले. कलम १८८ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये राज्य व विभाग अशा दोन पातळ्यांची तरतूद केली. जिल्ह्याची पातळी त्यात गळाली. साथीत दाद मागण्याची खरी जागा राहिली ती न्यायालयेच. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले.

स्थानिक दंडाधिकाऱ्याचे महत्त्व तमिळनाडूतील सातानकुळम येथे दिसून आले, आणि तेही दोन्ही अंगांनी. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून अटक झालेले पितापुत्र कोठडीत मरण पावले. पोलिसांनी त्यांना हजर केले तेव्हा दंडाधिकाऱ्याने पुरेशी विचारपूस न करताच त्यांना तुरुंगात पाठविल्याची टीका झाली. नंतर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन दुसऱ्या न्यायदंडाधिकाऱ्याला ठाण्यात चौकशीसाठी पाठविले. पोलिसांनी असहकार केला आणि त्या रात्रीचे कॅमेऱ्यांतील चित्रण राहिलेले नाही, असे त्याने कळविले. तरी एका महिला पोलीस कर्मचाऱ्याची जबानी त्याला नोंदविता आली. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून न्यायालयाने ते पोलीस ठाणे काही काळ महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला.