किनाऱ्याचे पाणी आणि वडनेरची भाकर

वडनेरचा आंबेडकरी माणूस समुद्र पाहतो तो बहुधा ६ डिसेंबरला. हिंगणघाट तालुक्यातले हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. खच्चून भरलेल्या डब्यात रात्र काढायची, दादरला उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे आणि अभिवादन झाले की चौपाटीच्या वाळूत घटकाभर बसायचे. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, डाव्या हाताला वरळीचा किनारा, मधल्या पाण्यात काही होड्या. त्या होड्या तिथे काय करतात, हे आमच्यापैकी सहसा कोणी विचारत नाही. समुद्र कोळ्यांचा, जमीन पाटलाची आणि आम्ही दोन्हीकडचे पाहुणे, अशीच आमची समजूत करून दिलेली आहे.

पण त्या पाण्याशी वडनेरच्या मजुराचा रोजचा संबंध आहे आणि तो त्याच्या ताटातून येतो. दसरा सरला, दिवाळी झाली की आमच्याकडे कापसाची वेचणी लागते. बाया पहाटे उठून भाकरी थापतात, फडक्यात बांधतात आणि शेताची वाट धरतात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून जेवायला बसण्यात वेळ घालवणे परवडत नाही. अशा वेळी भाकरीबरोबर काय असते? मिरचीचा ठेचा, कांदा आणि बरे दिवस असतील तर तव्यावर भाजलेले सुकट किंवा सुका बोंबील. बकऱ्याच्या मटणाचा भाव मजुराच्या आवाक्यातला राहिलेला नाही, तूरडाळीचा भाव दर वर्षी रडवतो. सुकी मासोळी मात्र वाटीने घेता येते, फ्रिज लागत नाही, महिनाभर टिकते आणि चिमूटभर टाकली तरी वांग्याच्या भाजीला चव आणते. सुक्या बोंबलात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तूरडाळीत बावीस-तेवीस टक्के. गावकुसाबाहेरच्या माणसाने हे आकडे वाचून सुकट खाल्ले नाही, ते परवडले म्हणून खाल्ले आणि त्यावरच त्याची हाडे टिकली.

याच सुकटाच्या वासावरून आम्हाला हिणवले गेले. शहरात भाड्याने खोली मागायला जा, पहिला प्रश्न नाव-आडनावाचा आणि दुसरा 'मच्छी खाता का?' हा. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचा पैसा बंद केला. कोणाच्या पोटाला काय चालते हे ठरवणारे लोक कोण आहेत, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता हा बोंबील येतो कुठून ते पाहू. पालघरच्या झाईपासून खाली रायगडपर्यंतचा उत्तर किनारा गाळाचा, खाड्यांचा आणि मोठ्या भरती-ओहोटीचा. पावसाळ्यात नद्या गाळ आणि अन्नद्रव्ये समुद्रात आणून टाकतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पाण्यात लोटल्या जातात, तरी समुद्र खऱ्या अर्थाने शांत होतो तो ऑक्टोबरात. पावसाळी वारा संपतो; रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा असा रोजचा पाळा बसतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात डोल लावण्याचे हेच दिवस. डोल म्हणजे तोंड उघडे आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली पिशवीसारखी जाळी. ती समुद्राच्या तळाला पक्की बांधून ठेवतात. होडी माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली जाळ्यात आणून सोडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाहाचा जोर असतो तेव्हा जाळे भरते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या पाण्यात हात रिकामे राहतात. कोळ्याचे पंचांग ते हेच. त्यात राहुकाल नसतो, पाण्याचा हिशेब असतो.

होडी किनाऱ्याला लागली की पुरुषांचे काम बरेचसे संपते आणि बायांचे सुरू होते. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, तो काही तासांत खराब होतो. म्हणून वेसावे, मढ, अर्नाळा, सातपाटी अशा गावांत बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टांगतात. एकेक जोडी हाताने. त्याला यंत्र नाही. ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर माल पांढरा, कडक वाळतो. ढग आले, पाऊस आला तर सडतो, किडतो आणि कुत्र्याच्या तोंडी जातो किंवा खताला. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कोरडे ऊन हे वडनेरच्या फुटलेल्या बोंडाला जेवढे लागते तेवढेच वलांडीवरच्या बोंबलालाही लागते. अवकाळी पावसाने कापूस काळा पडतो आणि बोंबील काळा पडतो. दोन्ही ठिकाणी नुकसान हातावर पोट असणाऱ्याचे. फरक एवढाच की कापसाचा निदान पंचनामा होतो.

हे ऊन आता भरवशाचे राहिलेले नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ उत्तर कोकणात आले. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी'ने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावरच, मुंबईच्या किनाऱ्यावर पाऊस आणि लाटा आणल्या. २०१९ साली तर ऑक्टोबरच्या शेवटी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. ऐन हंगामात होड्या बंदरात अडकल्या आणि वाळत घातलेली मासळी भिजली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्या वर्षीचा महाराष्ट्राचा मासळीचा उतारा २ लाख १ हजार टन मोजला. पंचेचाळीस वर्षांतला तो सर्वांत कमी. आधीच्या वर्षी तो २ लाख ९५ हजार टन होता. राज्य सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये मच्छिमारांसाठी सुमारे ६५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. हंगाम गेल्यावर नऊ महिन्यांनी.

वादळ आकाशातून येते, त्याला कोणी मालक नाही असे म्हणता येईल. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यावर दुसरेही एक वादळ आहे आणि त्याला मालक आहे, भांडवल आहे, राजकीय आश्रय आहे. पर्ससीन नावाचे जाळे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे उभे करतात आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखे आवळतात. आतला थवाच्या थवा वर येतो. त्यावर आता एलईडी दिव्यांची भर. रात्री जनरेटर लावून समुद्रात दिवसासारखा उजेड पाडायचा, मासे गोळा झाले की जाळे टाकायचे. डोलवाला पाण्याची वाट पाहतो, हा पाण्याला वाट पाहू देत नाही.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि तो झालाच मुळी लहान मच्छिमाराला मोठ्यापासून संरक्षण देण्यासाठी. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात यांत्रिक ट्रॉलरला मनाई आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे आणि हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी मासेमारीला बंदी केली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून एलईडीसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड ठेवला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. एवढे सगळे होऊनही हंगाम आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छिमारांना उपोषणाला बसावे लागते, मोर्चे काढावे लागतात. अॅट्रॉसिटीचा कायदा पुस्तकात आणि गावात कसा दिसतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटायचे कारण नाही.

मात्र आम्ही एकाच बाजूची वकिली करणार नाही. डोलीच्या शेपटाची आस बारीक असते आणि तिच्यात पापलेटची, घोळीची पिल्लेही सापडतात. सातपाटीची ओळख असलेले पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झाले, त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर. हा नियम लहान-मोठ्या दोघांनाही लागू आहे आणि लागू असलाच पाहिजे. गरिबाने केलेली पिल्लांची मारही मारच. परंतु वीस-पंचवीस टनांची होडी आणि चार माणसांची होडी यांना एकाच तराजूत घालून 'सगळेच दोषी' म्हणणारे पंडित पुष्कळ झाले आहेत. त्यांना आम्ही जमीनदार आणि सालदार यांच्या बाबतीतही हीच भाषा बोलताना ऐकले आहे.

पाणी कोणाचे हा प्रश्न या चळवळीला नवा नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर तोच विचारला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती दहनाच्या परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांना धरमतरच्या वाटेने मोटारी मिळणार नाहीत असे दिसले, तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघून दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. रस्ता सवर्णांच्या मोटारमालकांनी अडवला, समुद्र त्यांना अडवता आला नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या पाण्याचे नियोजन त्यांनी हाती घेतले. नैसर्गिक संपत्ती ही कोणाची खासगी जहागीर नाही, हा धागा महाडपासून तिथपर्यंत सलग दिसतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीच्या २१ व्या नोंदीत आहे, तर क्षेत्रीय समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीच्या ५७ व्या नोंदीत. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, सुमारे बावीस किलोमीटर, एवढ्या पाण्याची जबाबदारी मंत्रालयाची. वडनेरचे मत ज्या विधानसभेत जाते त्याच विधानसभेची. 'हा कोकणचा प्रश्न' असे हिंगणघाटच्या कार्यकर्त्याने म्हणायला जागा उरत नाही.

या सगळ्यात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो खलाशी. मोठ्या बोटीचा मालक नाखवा, बोट चालवणारा तांडेल आणि जाळे ओढणारा खलाशी; तो पुष्कळदा पालघरचा आदिवासी, उत्तर प्रदेश-बिहारचा भूमिहीन नाही तर नेपाळी. पालघरचे मजूर आगाऊ रक्कम घेऊन गुजरातच्या बोटींवर जातात आणि त्यातले काही पाकिस्तानच्या तुरुंगात पोहोचतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी गुजरातजवळच्या समुद्रात पाकिस्तानी गस्ती नौकेने केलेल्या गोळीबारात मेला तो पालघर जिल्ह्यातलाच एक खलाशी होता. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा मराठवाड्याचा मजूर आणि उचल घेऊन समुद्रात जाणारा हा मजूर, यांत आम्हाला फरक दिसत नाही. मच्छिमारांच्या मोर्चात त्याच्या मागण्या क्वचितच असतात, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पाण्याखालची जमीनसुद्धा आता हवी झाली आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात चौदाशेहून अधिक हेक्टरांचा भराव. तिथल्या कोळी-आदिवासींनी वर्षानुवर्षे विरोध केला, कारण माशांची पिल्ले वाढण्याचे ते पाणी आहे. वरळीच्या कोळ्यांची लढाई त्या मानाने लहान. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते, लाटेत होडी खांबावर आदळेल असे ते सांगत राहिले, काम रोखले आणि शेवटी २०२३ मध्ये एक खांब कमी करून ते अंतर १२० मीटर झाले. मागणी याहून जास्त होती. पण वरळीचा कोळी मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर राहतो, वाढवणचा राहत नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतीच्या दराने मिळेल असे सांगितले गेले. याचा लाभ आमच्या भागातल्या धिवर-भोई बांधवांनाही मिळायला हवा आणि त्यासाठी त्यांच्या सहकारी संस्थांनी हा निर्णय हातात घेऊन तहसीलदाराकडे गेले पाहिजे. आमचा प्रश्न वलांडीवरच्या बाईचा आहे. तिच्या नावावर ना होडी ना सातबारा. ती विकत घेतलेला माल वाळवते आणि व्यापाऱ्याला देते. तिचा भिजलेला बोंबील 'पीक' धरायचा की नाही? धरायचा तर पंचनामा तलाठ्याने करायचा की मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याने? वेचणीच्या मजुरीत पाण्याने भिजलेल्या कापसाचा तोटा वडनेरच्या बाईकडून वसूल होतो तेव्हा तिच्याही पंचनाम्याचा रकाना कोणत्याच कागदावर नसतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला, याच हंगामात भरते. हिंगणघाटहून नागपूर दोन तासांवर आहे. हे दोन रकाने एकत्र मागायला निघणाऱ्यांत वेसाव्याच्या बायांनाही बोलावता येईल.