फ्रीवे अडतो कशामुळे?

लॉस एंजेलिसमध्ये सेपुल्वेडा खिंडीतून सॅन फर्नांडो खोऱ्याकडे जाणारा ४०५ क्रमांकाचा फ्रीवे अमेरिकेतल्या सर्वाधिक कोंडीच्या रस्त्यांपैकी एक आहे. या खिंडीत उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूला सुमारे १६ किलोमीटर लांबीची एक जादा लेन बांधण्यात आली. तिच्या कामावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, आसपासच्या वस्त्यांनी कित्येक वर्षे धूळ आणि बंद रस्ते सोसले, आणि मे २०१४मध्ये लेन खुली झाली. त्यानंतरही ऐन संध्याकाळी खिंड पार करायला जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागत राहिला. पैसे पाण्यात गेले, अशी ओरड झाली. ती पूर्ण खरी नव्हती. गर्दीचे एकूण तास कमी झाले होते आणि जास्त गाड्या पुढे जाऊ लागल्या होत्या. पण साडेपाचला कामावरून सुटणाऱ्याच्या पदरात यातले काही पडले नाही. रस्ता रुंद केला की कोंडी फुटते, हा फ्रीवेबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज आहे, आणि सर्वांत महागडाही.

रुंद केलेला रस्ताही पुन्हा का तुंबतो, याचे कारण अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२मध्येच मांडले होते. फ्रीवे तुंबलेला असतो तेव्हा माणसे आपापली सोय लावून घेतात. कोणी पहाटे निघतो, कोणी आतल्या रस्त्याने जातो, कोणी बस धरतो, कोणी जायचेच टाळतो. रस्ता मोकळा झाल्याचे कळताच हे सगळे परत येतात, आणि येतात तेही सगळ्यांना सोयीच्या असलेल्या त्याच वेळी. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८पर्यंत सुमारे २.८ अब्ज डॉलर खर्चून रुंद करण्यात आला. बाजूचे सेवारस्ते धरले तर काही ठिकाणी तो २६ लेनचा आहे. तरीही २०११ ते २०१४ या काळात गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळी ५० टक्क्यांहून अधिक लांबला. त्या वर्षांत ह्यूस्टन झपाट्याने वाढत होते, हे खरे. पण रुंद रस्त्याच्या भरवशावर शहर बाहेर पसरत जाते, हाही त्याच गोष्टीचा भाग. जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवले, की लेनची लांबी ज्या प्रमाणात वाढते जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचा एकूण प्रवासही वाढतो.

याची उलटी बाजू ४०५नेच दाखवली. जुलै २०११मध्ये मल्होलँड ड्राइव्हचा पूल पाडण्यासाठी खिंडीतला फ्रीवे शनिवार-रविवार पूर्ण बंद ठेवायचे ठरले, तेव्हा सारे शहर ठप्प होईल अशी भीती आठवडेच्या आठवडे घातली जात होती. प्रसारमाध्यमांनी त्याला ‘कार्मगेडन’ असे नावही देऊन टाकले. एका विमान कंपनीने तर बरबँक ते लाँग बीच या जेमतेम पाऊण तासाच्या अंतरासाठी खास विमाने सोडली, आणि सायकलस्वारांच्या एका गटाने विमानाने निघालेल्याच्या आधी लाँग बीच गाठून दाखवले. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत रस्ते एरवीपेक्षा रिकामे होते. लोकांनी बेत बदलले, इतकेच. नळातून येणाऱ्या पाण्यासारखी वाहतूक ठरावीक नसते. तिच्यातली प्रत्येक गाडी कोणीतरी निर्णय घेऊन बाहेर काढलेली असते.

लॉस एंजेलिस विरळ पसरलेले आहे म्हणून तिथे कोंडी होते, हाही एक नेहमीचा समज. अमेरिकेच्या जनगणनेनुसार उपनगरांसह मोजले तर देशातल्या मोठ्या नागरी पट्ट्यांत लॉस एंजेलिस सर्वांत दाट आहे, न्यूयॉर्कच्या पट्ट्यापेक्षाही. दाट वस्ती आणि तरीही बहुतेकांचा प्रवास मोटारीने, ही जोडी तिथे नडते.

आता गाडीत बसलेल्याचा अनुभव. अर्धा तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, मग एकाएकी रस्ता मोकळा होतो आणि वाटेत ना अपघात दिसतो ना बंद पडलेला ट्रक. पुढे काहीतरी झाले असणार आणि ते हटवले असणार, अशी समजूत करून माणूस घरी जातो. अपघात, बंद गाड्या, पाऊस आणि रस्त्याची कामे यांचा वाटा मोठा आहेच. अमेरिकेच्या फेडरल महामार्ग प्रशासनाच्या जुन्या, नेहमी सांगितल्या जाणाऱ्या अंदाजात एकूण कोंडीचा सुमारे चौथा हिस्सा अपघात आणि बंद गाड्यांचा आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९१पासून फ्रीवेवर फिरती टोचन-वाहने बंद गाड्या फुकट बाजूला काढतात, ती याचसाठी. पण कशाचीही अडचण नसताना कोंडी होऊ शकते, हे आता सिद्ध झालेले आहे.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या एका गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या अंतराने उभ्या केल्या आणि चालकांना सांगितले, की सुरक्षित अंतर राखून ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवत राहा. सिग्नल नाही, बाजूने वळून आत येणारी गाडी नाही, लेन बदलायला दुसरी लेनच नाही. थोडा वेळ सगळे सुरळीत चालले. मग कोणाचे तरी अंतर किंचित कमी झाले, त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, मागच्याला ते क्षणभर उशिरा कळले म्हणून त्याने जरा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. काही मिनिटांतच चार-पाच गाड्या जागच्या जागी थांबू लागल्या. पुढची गाडी सुटायची, मागे नवी येऊन थांबायची, आणि कोंडीची ही लाट ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत राहिली. खऱ्या महामार्गावरच्या लाटाही साधारण याच वेगाने मागे जातात. म्हणजे ज्या चालकाच्या ब्रेकमुळे कोंडी सुरू झाली तो कधीच पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

यामागचे गणित सोपे आहे. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखा, असे शिकवले जाते. सगळ्यांनी ते तंतोतंत पाळले तर एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या जातील. चांगल्या फ्रीवेची लेन ऐन भरात २,००० ते २,४०० गाड्या पुढे काढते. याचा अर्थ, रस्ता जेव्हा सर्वाधिक काम करत असतो तेव्हा बहुतेक चालक दोन सेकंदांहून जवळ असतात आणि चूक पचवायला जागाच उरलेली नसते. एखाद्याने घुसखोरी केली, चढावर कोणाचा वेग कळत-नकळत उतरला, पलीकडच्या बाजूचा अपघात पाहायला कोणी मान वळवली, की लाट सुरू. आणि एकदा प्रवाह मोडला की रस्त्याची क्षमताच काही टक्क्यांनी घटते, त्यामुळे गाड्या कमी झाल्यावरही तो लगेच सावरत नाही.

शेजारची लेन नेहमी जास्त वेगाने जाते, असे वाटून माणसे लेन कापत राहतात, तेव्हा ती याच लाटांना खतपाणी घालतात. टोरोंटोचे डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९९मध्ये या वाटण्याचा छडा लावला. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखाच असला, तरी आपली लेन पळत असते तेव्हा शेजारच्या दाटीतल्या गाड्या आपण भराभर मागे टाकतो. आपली लेन रखडते तेव्हा शेजारच्या विरळ झालेल्या गाड्या एकेक करून बराच वेळ आपल्याला मागे टाकत असतात. मागे टाकलेल्या गाड्या नजरेआड होतात, पुढे गेलेल्या समोर दिसत राहतात. त्यामुळे नुकसान झाल्याची भावना खरी असते, नुकसान मात्र झालेले नसते.

चालकांच्या वागण्यातला फरक अनेकजण सरळ राष्ट्रीय स्वभावाच्या खात्यावर टाकतात: जर्मन माणूस शिस्तीचा, अमुक शहरातला बेशिस्त. पण हा फरक बराचसा नियमांतून आणि रस्त्यांच्या आखणीतून येतो. जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, उजवीकडे राहणे आणि डावीकडूनच ओव्हरटेक करणे हा कायदा आहे. परवाना काढताना ऑटोबानवर गाडी चालवण्याचे पाठ सक्तीने घ्यावे लागतात. कॅलिफोर्नियात अनेक लेनच्या फ्रीवेवर उजवीकडून पुढे जायला मुभा आहे, आणि शहरात बाहेर पडण्याचे फाटे इतके जवळजवळ आहेत की उजवीकडची लेन सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांची असते. मग अनुभवी चालक मधल्या लेन धरतो आणि घाईतला दोन्हीकडून वाट काढतो. पसाडेनाकडे जाणाऱ्या आरोयो सेको पार्कवेवर, जो १९४०मध्ये खुला झाला, आजही काही ठिकाणी चढणारी गाडी ‘थांबा’ अशा पाटीपाशी उभी राहते आणि तिला तिथूनच एकदम धावत्या रांगेत शिरावे लागते. अशा जागी चालक आक्रमक होतो तो रस्त्याच्या आखणीमुळे. आणि शिस्तीच्या जर्मनीतही दरवर्षी लाखांच्या घरात कोंड्यांची नोंद होते, हे विसरता कामा नये.

लेन बंद होते तिथे नियमांमुळे पडणारा हा फरक फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेत पाटी दिसताच बरेचजण सज्जनपणे लवकर बाजूला होतात आणि मोकळ्या लेनमधून शेवटपर्यंत येणाऱ्याला लबाड समजून आत घेत नाहीत. जर्मन वाहतूक नियमांत मात्र दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून आळीपाळीने एकेक गाडी आत घ्यायची असे लिहिलेलेच आहे. मिनेसोटाचे वाहतूक खाते आता हीच पद्धत शिकवते, कारण तिने रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

त्याच मिनेसोटात आणखी एका समजाची रोकडी परीक्षा झाली. फ्रीवेवर चढण्याच्या रॅम्पवर एकेक गाडी सोडणारे सिग्नल असतात. उगीच खोळंबा करतात, अशी लोकांची तक्रार होती. राज्याच्या विधिमंडळाने आदेश दिला आणि २०००च्या अखेरीस मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातले सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद ठेवले गेले. फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. रॅम्पवर थांबण्यात गेलेली मिनिटे फ्रीवे मोडू न देण्याच्या कामी येत होती. सिग्नल पुन्हा सुरू झाले, फक्त रॅम्पवरची प्रतीक्षा आटोक्यात ठेवण्याचे बंधन घालून.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असे सिग्नल नाहीत. बोरघाटात जुन्या महामार्गाची वाहतूक याच मार्गात येऊन मिळते आणि भरलेले ट्रक चढावर रांगत असतात. त्यातला एखादा जरा कमी रांगणाऱ्याला ओव्हरटेक करायला मधल्या लेनमध्ये शिरला, की मागे मोटारींची रांग लागते. जोडून सुट्ट्या आल्या की पोलीस अवजड वाहने काही तास घाटाच्या अलीकडेच रोखून धरतात आणि गर्दी ओसरल्यावर सोडतात. थांबवलेले ट्रकचालक वैतागतात, ते स्वाभाविक आहे. पण घाटातल्या तिन्ही लेन चालत्या राहण्याची शक्यता त्या दिवशी त्यामुळेच उरते.